टेलचा दिवा

काही माणसांना जगातली कुठलीच वायर आखूड वाटत नाही. त्यांच्या लेखी ती फक्त अजून जोडायची राहिलेली असते. आमचे तात्या या पंथाचे. मंचरच्या एसटी स्टँडपासून अवसरी फाट्यापर्यंत ज्याच्या घरी टेबलफॅन खाटेपर्यंत पोचला नाही, ज्याच्या गोठ्यातला बल्ब धारेच्या वेळी म्हशीच्या भलत्याच बाजूला उजेड पाडत राहिला, ज्याच्या मांडवात माइक ऐन वेळी बोहल्याच्या चार हात अलीकडे अडला, त्या प्रत्येकाने कधी ना कधी तात्यांना हाक मारलेली आहे. तात्या येतात. वायरीचं टोक चिमटीत धरतात, ते जिथे जायला हवं त्या जागेकडे डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "एवढंच ना? मारू की जॉइंट."

तात्या वायरमन नाहीत, हे आधी सांगून टाकलेलं बरं. आयटीआय नाही, परवाना नाही, दुकान नाही. धंदा शेतीचा. कांदा, मेथी, कोथिंबीर, अडीच एकर ऊस. भल्या पहाटे मार्केट यार्डात कोथिंबिरीच्या जुड्या उतरवायच्या, भाव पडला की सगळ्यांबरोबर हळहळायचं आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायचं. त्यानंतर मावळतीपर्यंत मोकळा असलेला जो तात्या, तो जॉइंटवाला. मजुरी घेत नाहीत. चहा घेतात. शर्टाच्या खिशात पेन आणि टेस्टर शेजारी शेजारी असतात. पेन वर्षातून एकदा, सोसायटीच्या कागदावर सही करताना बाहेर येतं. टेस्टर दिवसातून दहादा येतो. त्याने ते फेज बघतात, स्क्रू पिळतात, चहात पडलेली माशी काढतात आणि बोलताना मुद्दा पटवायचा असला की तोच समोरच्याच्या छातीवर रोखतात.

पक्कड त्यांच्याकडे आहे. पण वायर सोलायला ते दातच वापरतात. वरच्या दोन दातांमध्ये त्या कामापुरती एक खाच पडली आहे. गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी ती भरून द्यायचं म्हटलं, तेव्हा तात्या घाबरून खुर्चीतून उठले. "हत्यार बोथट करता का काय?"

आणि त्यांचा पोटमाळा! तिथे गोणीत काय नाही? लँडलाइन फोन बंद झाले तेव्हा भिंतीवरून उपटलेली फोनची वायर. गणपती मंडळाने नवे स्पीकर घेतले तेव्हा 'टाकून द्यायची होती' ती वायर. दाराच्या बेलची, दूरदर्शनच्या अँटेनाची चपटी पट्टी, कुलरची, इस्त्रीची, कुणाच्या तरी लग्नातल्या विझलेल्या लायटिंगच्या माळेची. यातली एकही वायर दोन हातांपेक्षा मोठी नाही, आणि एकीचा रंग दुसरीला नाही. नवीन वायर विकत घ्यायची वेळ येणं तात्यांना अपमानाचं वाटतं. दुकानदाराने "किती मीटर देऊ?" असं विचारलं, की ते म्हणतात, "टेप दे एक." तीही परवडली तर. नाहीतर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी, वर दुधाची रिकामी पिशवी, वर सुतळी.

त्याच पोटमाळ्यावर, गोणीपासून वेगळं, खुंटीला टांगलेलं एक वेटोळं आहे. बोअरवेल आटली तेव्हा मोटर वर ओढली, मोटर विकली, केबल मात्र राहिली. पाणबुडी मोटरची, तीन कोरची, चपटी, चार चौरस मिलिमीटरची केबल. शंभर मीटर, अखंड, मध्ये एकही जॉइंट नाही. तिच्यावरून तात्या दर दिवाळीला ओलं फडकं फिरवतात. कुणी मागितली तर म्हणतात, "ती चांगली हाय. कामाला लागंल."

आता हा माणूस विजेतलं काही कळत नसलेला असता, तर मग गोष्टच नव्हती. पण व्होल्टेज कसं पडतं हे आंबेगाव तालुक्यात तात्यांपेक्षा जास्त कुणी भोगलेलं नसेल. त्यांची विहीर डीपीवरून निघालेल्या लाइनच्या अगदी टोकाला. टेलला. मधल्या सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की तात्यांच्या स्टार्टरवरचा काटा साडेतीनशेच्या आसपास लोळत पडतो. मोटर नुसती घुमते, पाणी उचलत नाही. व्होल्टेज कमी पडलं की मोटर करंट जास्त ओढते, वाइंडिंग तापतं आणि एक दिवस विहिरीवरून वार्निश जळाल्याचा वास येतो. मोटर गाडीवर टाकून रिवाइंडिंगला न्यायची, हा तात्यांच्या उन्हाळ्यातला ठरलेला सण. या विषयावर ते पारावर तासभर बोलू शकतात. वायर जितकी लांब आणि जितकी बारीक तितकं व्होल्टेज वाटेत खाल्लं जातं; तारेला जॉइंट जितके तितका त्रास; लोड वाढवून ठेवलेल्या लोकांनी साडेसातच्या नावावर दहाच्या मोटरी बसवल्यात. हे सगळं त्यांना तोंडपाठ.

त्यांची एक फाइलही आहे. तिच्यात त्यांनी लाइट ऑफिसला दिलेले अर्ज, आणि त्या अर्जांना तोंडी मिळालेली उत्तरं त्यांनी स्वतःच्या हाताने समासात लिहून ठेवलेली. 'वरूनच कमी येतंय.' 'लोड वाढलाय.' 'उन्हाळ्यात असंच असतं.' 'अर्ज द्या, बघू.' ही उत्तरं वाचून दाखवताना तात्यांचा आवाज चढतो. ती त्यांच्या ओठांवर किती पक्की बसली होती, हे तळ्याचं प्रकरण होईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तळं त्यांच्या मुलाने बांधलं. मुलगा चाकणला कंपनीत. त्याने शेतातल्या जुन्या घराच्या जागी बंगला बांधला, पुढे लॉन केलं, आणि लॉनमध्ये कमळं नि रंगीत मासे असलेलं एक तळं काढलं. तात्यांना तळं या शब्दाचा अर्थ शेततळं एवढाच ठाऊक. खाली प्लास्टिकचा कागद, भोवती तारेचं कुंपण, उन्हाळ्यात कांद्याला एक पाणी. ज्यातलं पाणी कशालाच द्यायचं नाही असं तळं बघून ते दोन दिवस त्याच्याभोवती फिरले आणि शेवटी म्हणाले, "मंचरात बारव हाय की. शिलालेखासकट. बघायचंच हाय पाणी, तर तिथं जाऊन बघायचं." पण सुनेची हौस होती, आणि नातीने माशांना नावं दिली होती. नावं दिलेल्या प्राण्याला घरातून काढता येत नाही, हा त्यांच्याकडच्या गोठ्याचाही नियम आहे.

खरी अडचण वास्तुशास्त्राची. वास्तुवाल्यांनी सांगितलं, पाणी ईशान्येला आणि वीज आग्नेयेला. अग्नी आणि पाणी यांची गाठ पडता कामा नये. त्याप्रमाणे तळं प्लॉटच्या एका कोपऱ्यात गेलं, मीटर आणि व्हरांड्यातला प्लग दुसऱ्या. मग मुलाने ऑनलाइन दिवे मागवले. पाण्यात बुडणारे, 12 व्होल्टचे, 5 वॅटचा एक असे चार एलईडी दिवे, एक अडॉप्टर आणि 5 मीटर वायर. प्लगपासून तळं 40 मीटर. ज्या देशात ही पेटी भरली गेली तिथे अग्नी आणि पाणी शेजारीच राहत असावेत.

सुनेने पेटी उघडली, वायर ताणून पाहिली आणि नवऱ्याला फोन करायला आत गेली. ती परत येईपर्यंत तात्या पोटमाळ्यावर होते.

दिवे कशाला हवेत याबद्दल त्यांचं स्वतःचं मत तयार होतं. जुन्नर-आंबेगावात बिबट्या ही आता बातमी राहिलेली नाही, शेजार झाला आहे. उसाच्या फडात त्याची बाळंतपणं होतात. सापडलेला, जखमी झालेला माणिकडोहच्या निवारा केंद्रात जातो. आणि रात्रीच्या पाळीला थ्री फेज आली की शेतकरी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात मोठ्याने गाणी लावलेला मोबाइल घेऊन मोटर चालू करायला निघतो. दारात पाणी म्हटल्यावर बिबट्या प्यायला येणारच. 20 वॅटच्या उजेडाला बिबट्या भिईल असं तात्यांनाही वाटत नव्हतं. "भ्यायचं नाय तर नाय," ते म्हणाले, "पण आला तर दिसावा तरी."

दुपारभर काम चाललं. तात्या व्हरांड्यातून तळ्याकडे उकिडवे सरकत गेले आणि मागे जॉइंट पडत गेले. निघताना लाल-काळी असलेली वायर तुळशीपाशी पांढरी-पांढरी झाली, लॉनच्या कडेला हिरवी-पिवळी झाली, चाफ्याखाली अँटेनाची पट्टी झाली आणि तळ्याशी पोचली तेव्हा तिच्यातलं प्लस कोणतं आणि मायनस कोणतं हे फक्त देवाला माहीत. एलईडीला मात्र हे माहीत असावं लागतं. उलटं जोडलं तर तो पेटत नाही, भांडतही नाही, गप्प बसतो. तिसरा दिवा असा गप्प बसला. तात्यांनी जॉइंट सोडला, टोकं अदलाबदल केली, तो पेटला. "आडमुठा हाय," ते म्हणाले.

अंधार पडल्यावर घरातले सगळे काठावर जमले. बटण दाबलं. पहिला दिवा मिणमिणला. दुसरा त्याहून मिणमिणला. तिसऱ्याने हजेरी लावली. आणि पलीकडच्या काठाला, आणखी लांबवलेल्या वायरीच्या टोकाला जो चौथा होता, तो लागलाय की नाही हे पाहायला तात्यांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, पदराने डोळ्यांवर आडोसा धरावा लागला.

"अहो, तो शेवटचा लागलाच नाही."

"लागलाय. जवळ जाऊन बघ."

"जवळ जाऊन बघायचं तर दिवा कशाला?"

यावर तात्यांनी जे उत्तर दिलं ते ऐकून मुलगा चमकला. तात्या म्हणाले, "वरूनच कमी येतंय."

दुसऱ्या रात्री काकूंनी पुन्हा विषय काढला. तात्या म्हणाले, "लोड वाढलाय." तिसऱ्या रात्री, "उन्हाळ्यात असंच असतं." महिना मार्गशीर्षाचा होता. नातीने विचारलं, "तात्या, चौथा दिवा आजारी आहे का?" तिला ते म्हणाले, "बघू." ज्या माणसाने टेलच्या शेतकऱ्याचं गाऱ्हाणं आयुष्यभर दारोदार नेलं, त्याच्या हातात चार दिवे आणि एक बटण आलं, आणि त्याचं ऑफिस झालं. खुर्चीसुद्धा लागली नाही.

काकू कमी नव्हत्या. त्यांनी तात्यांच्या त्याच फाइलीतला नमुना समोर ठेवून फुलस्केप कागदावर अर्ज केला. 'मा. तात्या यांस, वि. वि. अर्ज करते की, आमचे घरचे तळ्यातील दिवा क्रमांक चार यास अत्यंत कमी दाबाने पुरवठा होत असून त्यामुळे माशांचे व आमचे अतोनात नुकसान होत आहे. तरी स्थळपाहणी करून योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' खाली सही, शेजारी नातीच्या अंगठ्याचा जांभळा ठसा. तात्यांनी अर्ज दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "पोच पाहिजे का?"

कार्यवाही झाली. तात्यांनी पाळ्या लावल्या. सगळे दिवे एकदम लावले की सगळेच मंद. दोन बंद केले की उरलेले दोन जरा उठतात, हे त्यांना डीपीवरच्या अनुभवाने ठाऊक होतंच. करंट कमी वाहिला की वाटेतला तोटाही कमी, त्यात चूक काही नाही. म्हणून पहिला-दुसरा सोमवार ते बुधवार, तिसरा गुरुवार-शुक्रवार, असं वेळापत्रक व्हरांड्यात खडूने लिहिलं गेलं. चौथा मात्र कुठल्याच पाळीत धड चालेना. त्याला तात्यांनी दिवसपाळी दिली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा.

"दिवसा दिवा?" काकूंनी कपाळाला हात लावला.

"शेतकऱ्याची मागणीच ती हाय," तात्या म्हणाले. "दिवसा वीज द्या."

हे असंच चाललं असतं, पण तळ्यात बुडबुडे येऊ लागले. अँटेनाच्या पट्टीचा आणि दिव्याच्या वायरीचा जॉइंट तात्यांनी पाण्यातच सोडला होता. ट्यूबची पट्टी आणि दुधाची पिशवी यांच्या भरवशावर. नातीला वाटलं मासा बोलतोय. ती तासभर त्याच्याशी बोलत बसली. त्या सुमाराला तात्यांचा भाचा घरी राहायला होता. अवसरीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा, चष्म्याचा, मामाला घाबरणारा. त्याने तळ्याशी वाकून पाहिलं आणि आधी प्लग काढला. पाण्यात उघडी पडलेली दोन टोकं आणि त्यांच्यात 12 व्होल्टचा डीसी, म्हणजे शाळेतला विद्युतविघटनाचा प्रयोग तळ्यात मांडलेला. प्लसकडची तार विरघळत चालली होती, हिरवी पडून अर्धी खाल्ली गेली होती. शिवाय ते तांबं पाण्यात उतरतं आणि तांबं माशांना बाधतं. हे शेवटचं वाक्य नातीने ऐकलं आणि त्या क्षणापासून तात्या घरात अल्पमतात गेले.

भाच्याने सांगितलं ते असं. पाण्यात जॉइंट ठेवूच नये. दिव्याबरोबर आलेली अखंड वायर पाण्याबाहेर काढायची आणि जोड काठावर, जमिनीच्या वर, बंद डबीत करायचा. पाण्यात जोडण्यावाचून गत्यंतरच नसेल तर राळ ओतून गोठवतात तो, त्यासाठीच बनवलेला जोड घ्यायचा. इथवर तात्यांनी मान हलवली. पाणबुडी मोटरच्या केबलला रबर टेपचा पक्का जॉइंट कसा मारतात, तीन कोरांचे तीन जॉइंट एकाच जागी न आणता मागे-पुढे कसे ठेवतात, हे त्यांना भाच्याहून चांगलं येत होतं. येत होतं, पण ते 'मोठ्या कामाला'. खेळण्यातल्या दिव्यांना कोण एवढं करतो?

मग भाच्याने वहीत गणित मांडलं. चार दिवे, 20 वॅट; 12 व्होल्टला साधारण 1.7 अँपिअर. मामांनी वापरलेली वायर धरून चालू अर्ध्या चौरस मिलिमीटरची, जायची 40 मीटर आणि यायची 40, मिळून 80. तिचा रोध 3 ओहमच्या जवळपास. म्हणजे 12 व्होल्ट निघाले त्यातले जवळजवळ 5 वाटेतच गेले. जॉइंट वेगळे. तेच 20 वॅट 230 व्होल्टवर त्याच वायरीतून नेले असते, तर करंट एकोणीस पट कमी आणि तोटा पाव व्होल्ट.

तात्यांनी वही उलटी करून पाहिली. सुलटी केली. "चाळीस मीटरला पाच व्होल्ट? काहीतरीच. खोडदला बघ जाऊन."

खोडद म्हणजे नारायणगावजवळची रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या तीस प्रचंड तबकड्या. चौदा मध्यभागी दाटीने, बाकीच्या तीन दिशांना पसरत गेलेल्या, शेवटची काही कोसांवर. विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, ती लोकांना बघायला खुली असते, तेव्हा पंचक्रोशीतल्या शाळांच्या पोरांबरोबर तात्याही जाऊन आले होते. आकाशगंगांबद्दल त्यांनी काही विचारलं नव्हतं. "वायर कोणती वापरलीय?" एवढंच विचारलं होतं.

"ते कोसावरनं आणत्यात," तात्या म्हणाले, "आणि मला लॉनवरनं न्यायला होत नाय?"

"मामा, तिथे ऑप्टिकल फायबर आहे. त्यातून करंट जात नाही, उजेड जातो."

"मग मला तरी काय न्यायचंय? उजेडच की!"

भाच्याला यावर उत्तर सुचलं नाही, आणि मला वाटतं, त्याच्या प्राध्यापकांनाही पटकन सुचलं नसतं.

त्याने दुसरीकडून गाठायचं ठरवलं. म्हणाला, एडिसनलाही हाच त्रास झाला होता. 1882 साली त्याने न्यूयॉर्कमध्ये पर्ल स्ट्रीटला वीजघर काढलं, सुमारे 110 व्होल्टचा डीसी. पण एवढ्या कमी व्होल्टेजवर वीज फार लांब नेता येईना. जाड तांब्याचा खर्च परवडेना, गिऱ्हाइकं वीजघराच्या अवतीभवतीचीच. शेवटी व्होल्टेज चढवून लांब न्यायचं आणि घराजवळ उतरवायचं, ही दुसऱ्यांची पद्धत जिंकली.

चूक इथे झाली. एडिसन अडला हे तात्यांनी कौतुकाने ऐकलं. व्होल्टेज चढवलं हे ऐकताच ते उठून उभे राहिले. टेस्टर खिशातून बाहेर आला.

"मग आधी का नाय सांगितलं? चढवू की! सोडू सरळ दोनशेतीस!"

पुढच्या क्षणी त्या व्हरांड्यात एकाच वेळी चार माणसं तात्यांच्या आणि प्लगच्या मध्ये उभी होती. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतंच. तळ्यातल्या दिव्यांना 12 व्होल्ट देतात ते कंजूषपणाने नव्हे. ओल्या अंगाचा माणूस विजेला कोरड्यापेक्षा फार सहज वाट देतो, आणि पाण्यात हात घालणारी तर घरातली सगळ्यात लहान व्यक्ती. बारा व्होल्टची गळती झाली तर बुडबुडे येतात; दोनशेतीसची झाली तर माणूस जातो. काकू एरवी विजेच्या बाबतीत तात्यांना बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी टेस्टर हातातून काढून घेतला आणि देवघरात नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत तात्या रिकाम्या खिशाने वावरले. चहात माशी पडली ती तशीच.

रात्री जेवताना भाच्याने दोन रस्ते सांगितले. एक, दोनशेतीसची वीज नियमाप्रमाणे तळ्याच्या बऱ्याच अलीकडे, पाण्यापासून लांब न्यायची: आर्मर्ड केबल, पाइपातून, जमिनीखाली, घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी, आणि अडॉप्टर पावसापासून झाकलेल्या पेटीत, पुढे थोडकं अंतर 12 व्होल्ट. त्याला परवानाधारक वायरमन लागेल. 'परवानाधारक' या शब्दाला तात्यांचा घास थांबला. दुसरा रस्ता, अडॉप्टर आहे तिथेच राहू द्यायचा आणि वायर जाड घ्यायची. अडीचची घेतली तर तोटा पाचावरून एका व्होल्टच्या आसपास येतो. चारची घेतली तर त्याहून कमी.

तात्या म्हणाले, "जाडीनं एवढा फरक पडतो?"

आणि इथे त्या पोराला आयुष्यातलं पहिलं शहाणपण सुचलं. वही बाजूला ठेवून तो म्हणाला, "मामा, डिंभ्याचा कालवा. धरण भरलेलं असतं. पण चारी बारीक, जागोजाग फुटलेली, आणि वाटेत सगळे उपसणारे. टेलच्या शेतात काय पोचतं?"

"चिखल," तात्या म्हणाले. लगेच. आणि मग थांबले. ताटातल्या भाकरीकडे बराच वेळ बघत राहिले. काकूंनी दिलेला अर्ज अजून खिशात होता. तो त्यांनी काढला, मांडीवर सरळ केला, 'अत्यंत कमी दाबाने' या शब्दांवर बोट ठेवलं. "च्यायला," ते म्हणाले, "आपणच झालो का लाइटवाले?"

सुनेने हळूच विचारलं, "मग उद्या मंचरातून आणायची का अडीचची वायर? चाळीस-पंचेचाळीस मीटर?"

"विकत?"

सगळ्यांच्या नजरा पोटमाळ्याकडे गेल्या. शंभर मीटर, चारची, पाण्यासाठीच बनवलेली, अखंड. तात्यांनीही वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची ती उलघाल मी मुलीच्या पाठवणीच्या वेळी पाहिली होती, आणि तेव्हाही ती इतकी नव्हती. चांगली वायर ही चांगल्या कामासाठी ठेवायची असते. चांगलं काम अजून यायचं असतं. ते आलं की कळतं, असा त्यांचा विश्वास. आणि पोटमाळे असलेल्या साऱ्या पिढीचा तसाच आहे. नव्या चादरी, काचेचे सहा कप, लग्नात मिळालेला डिनरसेट, सगळे त्या कामाची वाट बघत वर आहेत.

"न्या," शेवटी तात्या म्हणाले. "पण कापायची नाय."

"मामा, अंतर चाळीस मीटरचं आहे. केबल शंभर आहे."

"कापली की तिची वायर झाली. अखंड हाय तोवर ती केबल. उद्या दुसरी बोअर घेतली तर?"

सकाळी टेस्टर देवघरातून सुटून खिशात परतला. गोणीतल्या वायरीचे सगळे जॉइंट एकेक करून सुटले. ते मात्र तात्यांनी फेकले नाहीत, पुन्हा गोणीत गेले. केबल लॉनच्या कडेने चर खणून, पाइपात घालून तळ्यापर्यंत आली. तिथे काठापासून दूर, चाफ्याच्या बुंध्याशी, जोडाची बंद डबी. आणि डबीच्या अलीकडे उरलेल्या साठएक मीटरचं वेटोळं, सुतळीने बांधून, दगडावर ठेवलेलं. भाच्याने पुन्हा वही उघडली. साठ मीटर वीज उगाचच गोल गोल फिरून येणार होती. हिशेबाने तोटा दीड व्होल्टच्या वर जात होता. त्याने मग तिसरा रिकामा कोर एका बाजूला जोडून घेतला आणि तोटा सव्वाच्या आसपास आणला. तात्यांनी ते बघितलं आणि प्रथमच त्याच्या पाठीवर थाप मारली. "हे कॉलेजात शिकवलं का?" शिकवलं होतं. पण पोराने "नाही, सुचलं" म्हटलं, आणि ते बरं केलं.

त्या रात्री चारही दिवे लागले. चौथाही लागला, पदराचा आडोसा न धरता दिसेल असा. काकूंनी व्हरांड्यातलं खडूचं वेळापत्रक ओल्या फडक्याने पुसलं. तात्यांनी खिशातला अर्ज काढला, समासात लिहिलं, 'तक्रार निकाली', तारीख टाकली, आणि तो त्यांच्याच फाइलीत लावला. निकाली निघालेली ती त्या फाइलीतली एकमेव तक्रार आहे.

ही वार्ता आळीत फिरायला वेळ लागला नाही. पलीकडच्या वस्तीवरचे अण्णा चार दिवसांत आले. त्यांच्या गोठ्यापर्यंत बल्बची वायर थोडी कमी पडत होती. ते काठावर उभे राहिले, माशांचं कौतुक केलं, दिव्यांचं केलं, चहा घेतला, आणि मग नजर हळूहळू चाफ्याखालच्या वेटोळ्याकडे नेऊन म्हणाले, "तात्या, दहा-पंधरा मीटर द्या की. तुमची तर ढीगभर उरलीय."

"उरलीय?" तात्यांनी टेस्टर काढून अण्णांच्या छातीवर रोखला. "चालू हाय ती. करंट जातोय तिच्यातनं." आणि पोटमाळ्याकडे वळून म्हणाले, "थांबा जरा. किती हात पाहिजे म्हणालात? मारू की जॉइंट."